नऊ वार झाले की काय होतं?

मुलगी बघायला मी पेठ वडगावला गेलो तेव्हा माझ्याबरोबर वडील, चुलते आणि स्थळ सुचवणारे एक ओळखीचे गृहस्थ होते. मोजणी खात्यात मी नुकताच कायम झालो होतो. दिवसभर गुंठ्यांचे एकर आणि एकरांचे गुंठे करायचे हेच काम, त्यामुळे आकड्यांच्या बाबतीत आपल्याला कोणी अडवू शकत नाही असा माझा पक्का समज होता.

मुलीच्या वडिलांचं कापडाचं छोटं दुकान होतं. खाली दुकान, वर घर. आम्ही वर बसलो, पोहे झाले, चहा आला. चुलत्यांनी शिक्षण किती, भाकरी येते का, शेतातल्या घरात राहशील का, असे नेहमीचे प्रश्न विचारले. ती मोजकं बोलत होती. शेवटी चुलते म्हणाले, "पोरीला काय विचारायचं असंल तर विचारू दे की." ही एक म्हणायची पद्धत असते. मुली मान हलवून नाही म्हणतात आणि बैठक उठते.

हिनं मान हलवली नाही. माझ्याकडं बघून म्हणाली, "एकटा माणूस कोल्हापूरच्या स्टँडवरनं एसटीनं वडगावला पाऊण तासात येतो. तुमी चौघं आलाय. किती वेळ लागला?"

"तीन तास," मी म्हणालो.

पाऊण चोक तीन. हिशेब अगदी बरोबर होता. ते ओळखीचे गृहस्थ असे हसले की त्यांच्या बशीतला चहा सतरंजीवर सांडला. वडील मला हळूच म्हणाले, "आरं, आत्ताच आलो की आपण त्या गाडीनं."

सगळे हसत होते, ती मात्र हसली नाही. "परत ऐका," ती म्हणाली, आणि तेच वाक्य तितक्याच संथपणे पुन्हा सांगितलं. यावेळी मी ऐकलं. चौघं एकाच गाडीत बसून आलो होतो. मला स्वतःचंच हसू आलं आणि कान गरम व्हायचे थांबले. पुढं कितीतरी वर्षं मी तिला हे करताना बघितलं आहे. चुकलेल्या माणसाला ती उत्तर सांगत नाही. तोच प्रश्न पुन्हा त्याच्या हातात देते आणि त्याला स्वतःला सापडेपर्यंत थांबते.

निघताना आम्ही जिना उतरून खाली चपला घालत होतो. ती वरच्या पायरीवर उभी होती. मला काय सुचलं कोण जाणे, मी वर बघून म्हणालो, "माझंबी एक हाय. वर खाली आला तर त्याला काय म्हणायचं?"

"वरच," ती लगेच म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "पण अजून ठरलेलं न्हाय."

सासरे होणारे गृहस्थ दुकानाच्या दारात उभे होते, ते मोठ्यानं हसले. परतीच्या एसटीत वडील माझ्या शेजारी बसले. शिरोलीच्या आसपास म्हणाले, "पोरगी तयार हाय. तू तिला पुरशील का बघ."

लग्न झालं. ती गडमुडशिंगीला आमच्या घरी आली.

ही कोडी तिच्याकडं कुठून आली ते मला सासुरवाडीला जायला लागल्यावर कळलं. सासरे बाजाराच्या दिवशी कापड मोजता मोजता गिऱ्हाइकाला कोडं घालत. त्यांचं आवडतं कोडं दुकानातच जन्मलं होतं. "सात वार झाले की आठवडा होतो. नऊ वार झाले की काय होतं?" गिऱ्हाईक बोटं मोजायला लागायचं. सोमवार, मंगळवार, असं करत रविवार, पुन्हा सोमवार. सासरे तोवर हातातलं कापड वारावर मोजत राहायचे आणि शेवटी तेच उचलून दाखवायचे. "लुगडं." माणसं हसत, आणि पुढच्या बाजाराला स्वतःची कोडी घेऊन येत. बायको या दुकानातच, कापडाच्या गठ्ठ्याला टेकून मोठी झाली. एकच शब्द दोन कामं करतो आणि माणूस नेमकं एकच काम बघतो, हे तिला अक्षरओळख व्हायच्या आधी कळलं होतं.

आमच्या घरात तसं बोलणं कमी. आई लवकर गेलेली. वडील शेतातून आले की म्हशीला वैरण घालायचे, जेवायचे आणि अंथरुणाला पाठ टेकायचे. नवीन सून त्यांना काय बोलणार आणि ते तिला काय बोलणार, असा मला घोर होता. पण लग्नाला महिनाही झाला नसेल, वडील जेवताना एकदम म्हणाले, "एक तास नांगरलं, आणि घड्याळात पाचच मिनिटं झाली. सांग बघू कसं."

तिनं विचार केला. घड्याळ बंद पडलं असेल म्हणाली. वडिलांनी मान हलवली. बैल पळाले असतील. पुन्हा मान हलली. दुसऱ्या दिवशी ती भाकरी घेऊन शेतात गेली तेव्हा वडिलांनी तिला बांधावर उभं केलं आणि नांगर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेला. मागं उकरलेली सरळ रेघ दाखवून म्हणाले, "ह्याला आमी तास म्हणतोय."

कापडदुकानदाराच्या मुलीला हा शब्द ठाऊक नव्हता. ती संध्याकाळी मला म्हणाली, "मामांनी मला हरवलं." सासऱ्यांना आमच्याकडं मामाच म्हणतात. ती इतकी खूश होती की जणू तिलाच बक्षीस मिळालं होतं. त्या दिवसापासून दोघांचं जमलं. मी इतक्या वर्षांत वडिलांच्या तोंडून जेवढी वाक्यं ऐकली नव्हती तेवढी ती एका उन्हाळ्यात ऐकून बसली.

मग मुलगी झाली. हुशार, बडबडी. वडील असेपर्यंत त्यांच्या मागं मागं शेतात फिरायची. पाचवीत गेली आणि गणितानं तिला गाठलं.

आधी आम्हाला कळलंच नाही. गणिताच्या चाचणीच्या सकाळी तिच्या पोटात दुखायचं. डॉक्टर म्हणाले, पोटात काही नाही. मराठीचं पुस्तक ती खडाखडा वाचायची, पण शाब्दिक उदाहरण समोर आलं की तिचे डोळे थिजायचे. मी संध्याकाळी तिला घेऊन बसायला लागलो. मोजणीवाल्याची मुलगी गणितात मागं राहते म्हणजे काय. मी उदाहरण वाचायचो आणि विचारायचो, "आता काय करायचं?"

"गुणाकार?" ती म्हणायची. मी काही बोललो नाही की, "भागाकार?" मी सुस्कारा टाकला की, "नाही नाही, वजाबाकी."

एकदा बायको ताटं मांडायला आली होती, ती दारातच उभी राहून आमचं बघत राहिली. मुलगी झोपल्यावर मला म्हणाली, "ती गणिताकडं बघतच न्हाय. तुमच्या तोंडाकडं बघतीय. तुमच्या भुवया वर गेल्या की उत्तर बदलतीय."

मी दुसऱ्या दिवशी लक्ष दिलं. अगदी तसंच होतं. माझी मुलगी माझा चेहरा वाचण्यात तरबेज झाली होती.

"मग काय करायचं?" मी विचारलं.

"तुमी उठा," ती म्हणाली. "दिवाळीपतोर गणिताचं पुस्तक बंद."

मला हे धाडस वाटलं, पण मी उठलो. पुस्तक कपाटावर गेलं. आणि मग स्वयंपाकघरात कोडी सुरू झाली. त्यातली एक गोष्ट माझ्या लक्षात यायला बरेच दिवस लागले. बायको मुलीला कोडं घालायची ते नेहमी तिच्याकडं पाठ करून. भाकरी थापताना, चुलीत जाळ सारताना, दोरीवर कपडे घालताना. मुलीला आईचा अंबाडा दिसायचा, चेहरा दिसायचा नाही. वाचायला काहीच नसल्यामुळं तिला प्रश्नाकडंच बघावं लागायचं. हे तिला कोणी शिकवलं होतं असं नाही. तिनं बघून ठरवलं होतं.

"म्हशीच्या पाठीवर कावळा बसला," ती भाकरी उलटत म्हणायची. "मग म्हैस बसली. आता बसलेली किती?"

मी बाहेर ओसरीवर पेपर वाचतोय असं दाखवत कान लावून होतो. माझ्या मनात दोन आलं होतं.

"एकच," मुलगी म्हणाली. "म्हैस खाली बसाय लागली की कावळा उडतोय."

"कशावरनं?"

"मी रोज बघते की."

बायकोनं त्यावर शाबासकी दिली नाही. "व्हय, बरोबर बघितलीस," एवढंच म्हणाली आणि पुढची भाकरी तव्यावर टाकली. शाबासकी दिली की मुलगी पुन्हा शाबासकीच्या मागं लागेल, असं तिनं मला नंतर सांगितलं.

एक दिवस मुलीनंच विचारलं, "आई, हातचा म्हणजे कुणाच्या हातातला?"

मी इतकी वर्षं हातचे घेत आलो, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. बायको अंगणात कपडे वाळत घालत होती. तिनं चिमट्यांची पिशवी मुलीजवळ दिली आणि जमिनीवर बोटानं चौकोन आखला. म्हणाली, "हे एककाचं घर. इथं दहा चिमटे मावत न्हाईत. दहा झाले की त्यांची एक जुडी बांधायची आणि ती हातात घेऊन शेजारच्या घरात जायचं. दशकाच्या. हातात नेलं म्हणून हातचा."

"आणि न्यायला विसरलं तर?"

"तर पावणा रिकाम्या हातानं गेला. शेजारचं घर काय म्हणंल?"

मुलगी हसली. त्यानंतर हातचा विसरलेला मी तिच्या बेरजेत क्वचितच पाहिला. रिकाम्या हातानं पाव्हण्याकडं जायचं नसतं, एवढं तिला घरातूनच माहीत होतं.

आपल्या गणितातले शब्द घरातलेच आहेत, हे मला बायकोमुळं दिसायला लागलं. भाग जातो आणि चहा चौघांत भागतो. गुण शाळेत मिळतात आणि माणसात असतात. मुलीला मात्र ते सगळे शब्द परके वाटत होते. बायकोनं एकेक शब्द पुन्हा घरात आणून बसवला.

दिवाळीच्या आधी एका दुपारी शेजारच्या काकी आल्या. बायको पीठ मळत होती, दोघींच्या गप्पा झाल्या, आणि निघताना काकी नेहमीप्रमाणं म्हणाल्या, "बरं, बाकी काय?"

आतल्या खोलीतून मुलगी ओरडली, "भाग पूर्ण गेला, काकी. बाकी शून्य."

काकींना काही कळलं नाही. बायको पिठाच्या हातांनी खाली बसली आणि हसत राहिली, हसता हसता डोळे पुसायला गेली आणि गालाला पीठ लागलं. मी सुट्टीवर घरी होतो. मुलीनं स्वतःहून केलेली ती पहिली कोटी. त्या संध्याकाळी तिनंच खुर्चीवर चढून कपाटावरचं पुस्तक काढलं.

त्यानंतर सगळं सोपं झालं असं नाही. चुका व्हायच्या. पण पोटात दुखणं थांबलं. उदाहरण दोनदा वाचायची सवय लागली. पहिल्यांदा आकडे बघायचे नाहीत, शब्द बघायचे, असं आईनं तिला सांगितलं होतं.

दिवाळीनंतरची चाचणी झाली आणि शाळेतून निरोप आला, आई-वडिलांनी येऊन भेटावं. मी धसका घेतला. बायको नवी साडी नेसली आणि आम्ही निघालो.

गणिताच्या मॅडम तरुण होत्या. त्यांनी उत्तरपत्रिका उघडली आणि गंभीर चेहऱ्यानं वाचून दाखवली. प्रश्न होता, एका मोटारीने टाकी दोन तासांत भरते, तर तशाच दोन मोटारी लावल्यास किती वेळ लागेल. मुलीनं लिहिलं होतं, "एक तास. पण आमच्या गावात दोन मोटारी एकदम लावल्या तर लाइट जाते, म्हणून टाकी कधी भरेल ते सांगता येत नाही."

मॅडमनी पत्रिका मिटली. "गुण पूर्ण दिलेत मी. उत्तर बरोबरच आहे. मला एवढंच विचारायचं होतं, हिला असं वाचायला कुणी शिकवलं?"

बायको खाली बघत म्हणाली, "मीच. चुकलं असंल तर सांगा."

"चुकलं नाही. आता माझं एक ऐका," मॅडम म्हणाल्या. "छत्तीस गुण पडले की शाळेत काठावर पास. दुसऱ्या एका ठिकाणी छत्तीस पडले की पहिला नंबर. कुठं?"

बायकोनं मान वर केली. तिचा चेहरा एकदम बदलला. मी पुढं होऊन काहीतरी बोलणार होतो, तर तिनं हात करून मला थांबवलं. ती भिंतीवरच्या नकाशाकडं बघत होती, पण नकाशा तिला दिसत नव्हता.

"पत्रिकेत," ती म्हणाली. "लग्नासाठी जुळवत्यात त्या."

दोघी हसल्या. मग पुढचा अर्धा तास मी त्या खोलीत नव्हतोच असं समजायला हरकत नाही. मॅडमना त्यांच्या वडिलांकडून ऐकलेली कोडी येत होती, हिला दुकानातली येत होती. शिपाई दोनदा डोकावून गेला. शेवटी मॅडम म्हणाल्या, "शनिवारी शेवटचा तास मोकळा असतो. तुम्ही पोरांसमोर याल का?"

बायको म्हणाली, "मी बारावीच झालीय."

मॅडम म्हणाल्या, "पोरं तर चौथीच झालीत."

ती गेली. पहिल्या शनिवारी मी अर्ध्या दिवसाची रजा काढली आणि व्हरांड्यात खिडकीशी उभा राहिलो. वर्गात गोंगाट होता. बायको आत गेली, फळ्याकडं तोंड केलं आणि पोरांकडं पाठ करून उभी राहिली. पोरांना वाटलं काहीतरी लिहिणार. ती काही लिहिना. गोंगाट आपोआप कमी झाला. मग ती फळ्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "सात वार झाले की आठवडा होतो. नऊ वार झाले की काय होतं?"

"सव्वा आठवडा," कोणीतरी ओरडलं. "मंगळवार," दुसरं म्हणालं. "परत ऐका," ती म्हणाली. पुन्हा गलका. कुणाचंही उत्तर तिनं चूक म्हटलं नाही, कुणाला हसली नाही, वळूनही बघितलं नाही. बऱ्याच वेळानं खिडकीशेजारच्या बाकावरची एक मुलगी, जिनं तोवर तोंडही उघडलं नव्हतं, बारीक आवाजात म्हणाली, "आमच्या आजीचं लुगडं नऊ वारी हाय."

तेव्हा बायको वळली.

माझ्या ऑफिसातही कोडी घालणारे लोक होते. त्यांना समोरचा अडकलेला बघायचा असायचा. अडकला की त्यांचे डोळे चमकायचे. माझ्या बायकोचे डोळे समोरचा सुटला की चमकतात. त्या दिवशी त्या मुलीकडं बघताना मी ते अगदी जवळून पाहिलं. पुढं बरीच वर्षं ती शनिवारी शाळेत जात राहिली. त्या मॅडमची बदली झाली, तरी नव्या सरांनी तास तसाच ठेवला.

आमची मुलगी दहावीला गणितात पहिली वगैरे आली नाही. बरे गुण मिळाले. ती नर्स झाली, कोल्हापुरातच एका दवाखान्यात कामाला आहे आणि तिथल्याच हॉस्टेलवर राहते. मध्यंतरी ती घरी आली तेव्हा सांगत होती, चंदगडकडचे एक वयस्कर गृहस्थ घरी जायला निघाले होते. डॉक्टरांनी तीन गोळ्या दिल्या होत्या, दर आठ तासांनी एक. ते म्हणाले, तीन आठं चोवीस, म्हणजे शेवटची गोळी उद्या ह्याच वेळेला. उद्या त्या वेळी ते लेकीकडं जायला एसटीत असणार होते, त्यामुळं काळजीत होते.

"मग तू काय सांगितलंस?" बायकोनं विचारलं.

"म्हटलं, मामा, परत ऐका. पहिल्या गोळीला आठ तास थांबायचं कशाला? ती आत्ताच घ्यायची. मग त्यांनी बोटावर मोजलं. म्हणाले, सोळा तासांतच संपत्यात की. शेवटची घरातच घेऊन गाडीत बसंन."

बायकोनं मुलीच्या ताटात न विचारता आणखी एक भाकरी वाढली.

गेल्या आठवड्यात मुलीचा सकाळी फोन आला. बायकोनं फोन स्पीकरवर ठेवला होता, कारण तिचे हात कणकेत होते. मुलगी म्हणाली, "आई, मी एक नवीन केलंय. शाळेत हातावर बसली की दुखतं. दवाखान्यात हातावर बसली की बरं वाटतं. कोण ती?"

"सुई," मी म्हणालो.

"पप्पा, सुई दवाखान्यातच दुखते."

बायकोनं मला गप्प राहायची खूण केली. "सांगू नगंस," ती फोनला म्हणाली. "मला येळ दे." मुलीची ड्यूटी सुरू व्हायची होती, तिनं फोन ठेवला.

कणीक मळून झाली, तरी ती तशीच उभी राहिली. मग तिनं गॅस बारीक केला, स्टूल ओढून बसली आणि स्वतःच्या तळहाताकडं बघत राहिली. मी तिला इतका वेळ अडलेलं फारसं बघितलं नव्हतं. मलाही उत्तर येत नव्हतं, आणि आलं असतं तरी मी सांगितलं नसतं. मी चहा केला, तिच्या बाजूला ठेवला. तो निवला.

"पट्टी," ती एकदम म्हणाली. "मास्तरांची पट्टी, आणि जखमेवरची पट्टी."

मी म्हणालो, "लाव फोन."

तिनं लावला, पण मुलगी कामात असणार, तिनं उचलला नाही. बायको गार चहा एका दमात प्याली आणि पोळ्या लाटायला उभी राहिली.

"पोरीनं चांगलं केलंय," ती म्हणाली.